चाचणीत पास होते ती अख्खी भिंत

एका बंदिस्त शेडमध्ये आठ मीटरहून उंच भिंत उभी असते. मागे घर नाही, खोली नाही, नुसती भिंत. तीही सरळ नाही, कोपऱ्याची: एक बाजू सुमारे अडीच मीटर रुंद आणि तिला काटकोनात जोडलेली दुसरी सुमारे दीड मीटरची. मोठ्या बाजूच्या तळाशी दोन बाय दोन मीटरचं भगदाड, आणि त्यात लाकडाची चळत. पाच सेंटिमीटर जाडीच्या चौरस पट्ट्या, एक थर आडवा, एक उभा, असे वीस थर. एकूण अडीचशे पट्ट्या, म्हणजे पाऊण घनमीटर लाकूड. भिंतीवर खऱ्या इमारतीला बसवतात अगदी तसंच क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, बसवलेलं असतं. आतलं इन्सुलेशन, मधली पोकळी, बाहेरचे पॅनल, ते धरणारी चौकट, स्क्रू, सगळं. मग चळत पेटवतात, आणि माणसं लांब सरकून कधी ज्वाळांकडे, कधी तापमानाच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात.

ही ब्रिटनमध्ये तयार झालेली बीएस ८४१४ नावाची चाचणी. दिवसेंदिवस खपून बांधलेली भिंत तासाभरात जाळून टाकायची. साहजिकच कुणीही विचारेल की एवढा खटाटोप कशाला? पॅनलचा वीतभर तुकडा कापा, त्याला ज्योत लावा, पेटतो की नाही ते पाहा, झालं. गंमत अशी की अनेक वर्षं बऱ्याच ठिकाणी जवळजवळ असंच चालत होतं. ते का पुरत नाही हे कळलं, की 'आमचं शीट फायर रेटेड आहे' या वाक्यात किती दम आहे तेही कळतं.

क्लॅडिंग म्हणजे इमारतीने वरून घातलेला अंगरखा. भिंत काँक्रीटची किंवा विटांची असते, तिच्यावर उष्णता अडवणारा इन्सुलेशनचा थर लावतात, मग काही सेंटिमीटरची मोकळी जागा सोडतात आणि तिच्यापुढे धातूच्या चौकटीवर पॅनल अडकवतात. ही मोकळी जागा चुकून राहिलेली नसते, ती मुद्दाम ठेवलेली असते. पॅनलच्या सांध्यांतून थोडं पाणी आत येणारच. ते खाली निथळून जावं आणि मागची ओल वाऱ्याने सुकावी म्हणून ही पोकळी लागते. पावसाच्या दृष्टीने फार शहाणी रचना.

आगीच्या दृष्टीने मात्र हीच पोकळी म्हणजे इमारतीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेलेलं धुराडं. मोकळ्या हवेतली ज्वाळा आजूबाजूची हवा ओढून घेते, जळून संपते आणि ठराविक उंचीवर थांबते. अरुंद फटीत शिरली की तिला बाजूने हवा मिळत नाही. न जळलेला वायू हवेच्या शोधात वर जात राहतो आणि वाटेत जळत जातो. म्हणून फटीत कोंडलेली ज्वाळा मोकळ्या ज्वाळेच्या पाच ते दहा पट लांब होऊ शकते. दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एकमेकांना तापवतात ते वेगळंच. लक्षात घ्या, इथे अजून आपण पॅनल किंवा इन्सुलेशन पेटतं असं म्हटलेलंच नाही. नुसती फटसुद्धा आग वर नेते.

यावर उपाय म्हणून पोकळीत ठरावीक अंतरावर अडसर घालतात, त्यांना कॅव्हिटी बॅरिअर म्हणतात. पण पोकळी पूर्ण बंद केली तर पाणी अडकतं. म्हणून आडव्या अडसरांच्या पुढच्या कडेला तापल्यावर फुगणारी एक पट्टी लावलेली असते. एरवी तिच्यापुढे फट उघडी राहते, पाणी आणि हवा जाते. आग आली की पट्टी फुगून फट बुजवते. कल्पना चांगली आहे, फक्त पट्टी फुगायला काही क्षण लागतात, आणि फुगल्यावर ती ज्या पॅनलला टेकणार ते पॅनल तोवर जागेवर हवं. पॅनल वितळून गळून पडलं असेल तर पट्टी फुगून टेकणार कशाला?

आता पॅनलकडे वळू. ज्याला सगळे एसीपी शीट म्हणतात ते बहुधा चार मिलिमीटर जाड असतं. बाहेरून अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम, आतून अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये तीन मिलिमीटरचा गाभा. हा गाभा काय आहे यावर सगळं अवलंबून. सर्वात स्वस्त आणि वळवायला सोपा गाभा म्हणजे शुद्ध पॉलिथिलीन, पिशव्या आणि बादल्यांचं प्लास्टिक. हिशोब करून बघा: एका चौरस मीटर शीटमध्ये तीन लिटर, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास पॉलिथिलीन भरतं. किलोमागे त्यातून सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता निघते, साधारण पेट्रोलइतकीच. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला साडेतीन लिटरच्या आसपास पेट्रोल भिंतीला थापून ठेवल्यासारखं. वरचं अ‍ॅल्युमिनियम जळत नाही हे खरं, पण ते ६६० अंश सेल्सियसला वितळतं, आणि पेटलेल्या खोलीच्या खिडकीतून बाहेर पडणाऱ्या ज्वाळा त्याहून बऱ्याच तापलेल्या असतात.

दुसऱ्या प्रकारात गाभ्यात प्लास्टिक कमी आणि खनिज भुकटी जास्त असते. त्याला एफआर म्हणतात, म्हणजे आगीला विरोध करणारं. 'विरोध करणारं' या शब्दांनी फार लोकांना फसवलं आहे, कारण त्याचा अर्थ 'न जळणारं' असा नाही. तिसऱ्या प्रकारात प्लास्टिक अगदीच थोडं, निव्वळ भुकटी धरून ठेवण्यापुरतं. त्याला युरोपीय वर्गवारीत ए२, म्हणजे जवळजवळ न जळणारं, हा वर्ग मिळतो. बाहेरून पाहिलं तर तिन्ही शीटं हुबेहूब सारखी. रंग तोच, चकाकी तीच, जाडीही तीच.

छोट्या चाचण्या काय सांगतात

युरोपातली वर्गवारी ए१ पासून एफ पर्यंत जाते. ए१ म्हणजे दगड, काच, काँक्रीट, रॉकवूल (दगडी लोकर) असले न जळणारे पदार्थ. त्यासाठी नमुन्याचा छोटा दंडगोल ७५० अंशांच्या भट्टीत ठेवतात आणि तो स्वतःची उष्णता सोडतो का, ज्वाळा धरतो का ते पाहतात. दुसऱ्या चाचणीत पदार्थाची भुकटी करून बंद पोलादी भांड्यात शुद्ध ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळतात. त्यातून किलोमागे किती मेगाज्यूल निघाले हा आकडा मिळतो. हा आकडा निर्दय असतो, त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या आड लपता येत नाही.

मधल्या वर्गांसाठी वेगळी चाचणी आहे. दीड मीटर उंच पॅनलचा एक कोपरा करतात आणि त्यात ३० किलोवॉटचा बर्नर पेटवतात. ही ज्वाळा म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली पेटल्यासारखी. उष्णता किती निघाली, धूर किती, जळते थेंब पडले का, हे मोजून बी, सी, डी असे वर्ग देतात. त्यांच्यापुढे एस आणि डी ही अक्षरं आकड्यांसह येतात. एस धुरासाठी, डी थेंबांसाठी (वर्गाच्या डीशी याचा संबंध नाही). 'ए२, एस१, डी०' असं दिसलं की समजावं: जवळजवळ न जळणारं, धूर अगदी कमी, थेंब नाहीत.

इथे ३० किलोवॉट हा आकडा लक्षात ठेवा. सुरुवातीला सांगितलेली लाकडाची चळत ऐन भरात असताना सुमारे तीन मेगावॉट देते, म्हणजे ३,००० किलोवॉट. शंभर पट. टोपलीच्या आगीपुढे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा टिकून राहतो, गाभा झाकलेला राहतो आणि शीटला बऱ्यापैकी वर्ग मिळून जातो. खिडकीतून फुटून आलेल्या आगीपुढे तो पत्रा काही मिनिटांचा पाहुणा. ब्रिटनच्या जुन्या राष्ट्रीय पद्धतीत 'क्लास झीरो' नावाचा एक दर्जा होता. तो मुख्यतः पृष्ठभागावर आग किती पसरते यावरून ठरे. ज्याचा पृष्ठभाग धातूचा आहे त्याला तो मिळणं फार अवघड नव्हतं, आणि आत पेट्रोलच्या तोलामोलाचं प्लास्टिक भरलेलं असूनही असे पॅनल त्या दर्जाच्या जोरावर इमारतींवर चढले.

इथेच आणखी एक घोटाळा निस्तरायला हवा. 'दोन तास आग थोपवणारा दरवाजा' म्हणतात तो हिशोब निराळा. तो दरवाजा किंवा भिंत आग किती वेळ अडवते याचा. क्लॅडिंगच्या बाबतीत प्रश्न आहे तो स्वतः पेटून आग पुढे नेतं का, हा. क्लॅडिंग विकणारा 'दोन तासांचं रेटिंग' सांगू लागला तर तो दुसऱ्याच विषयाचं गुणपत्रक दाखवतो आहे.

पूर्ण आकाराची चाचणी आली कुठून

१९९१ साली लिव्हरपूलजवळच्या नोझली हाइट्स या ११ मजली इमारतीच्या पायथ्याशी कचरा पेटवला गेला. आग नव्याने बसवलेल्या क्लॅडिंगमागच्या पोकळीत शिरली आणि थेट माथ्यापर्यंत गेली. जीवितहानी झाली नाही. मग ११ जून १९९९ रोजी स्कॉटलंडमधल्या अर्व्हिन गावात गार्नोक कोर्ट या १४ मजली इमारतीत पाचव्या मजल्यावर आग लागली, खिडक्यांभोवतीच्या प्लास्टिकच्या उभ्या पट्ट्यांवरून चढत दहा मिनिटांत बाराव्या मजल्यावर पोचली आणि एक माणूस दगावला. ब्रिटिश संसदेच्या समितीने चौकशी केली. छोट्या तुकड्यांच्या चाचण्यांवर विसंबू नका, अख्ख्या रचनेची पूर्ण आकारात चाचणी घ्या, असं समितीने सुचवलं. बरीच माणसं मरेपर्यंत थांबायला नको, अशा अर्थाचं वाक्यही त्या अहवालात आहे. २००२ मध्ये बीएस ८४१४ चा पहिला भाग आला. पण तिला सक्तीचं स्थान मिळालं नाही. ती अनेक मार्गांपैकी एक मार्ग ठरली.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मधल्या काळातली आहे. २००१ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी घेतलेल्या एका चाचणीत पॉलिथिलीनच्या गाभ्याचं पॅनल या भिंतीवर लावलं होतं. ते इतक्या जोरात पेटलं की पाच-सहा मिनिटांत चाचणी बंद करावी लागली. तो निकाल प्रसिद्ध झाला नाही. २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर झालेल्या चौकशीत तो उजेडात आला.

ग्रेनफेल टॉवर, लंडन, १४ जून २०१७. २४ मजल्यांची जुनी काँक्रीटची इमारत, वर्षभरापूर्वी नवा अंगरखा चढवलेली: पॉलिथिलीनच्या गाभ्याचे पॅनल आणि मागे बहुतांशी पीआयआर, म्हणजे इन्सुलेशनसाठीचा जळू शकणारा प्लास्टिक फोम. रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रीज पेटला. असल्या आगी शहरांत रोज लागतात आणि विझवल्या जातात. पण ही खिडकीतून क्लॅडिंगमध्ये शिरली आणि साधारण २० मिनिटांत माथ्याला पोचली. ७२ माणसं गेली.

उंच इमारतीत प्रत्येक घर म्हणजे एक बंद पेटी असं धरलेलं असतं. आग त्या पेटीतच अडकेल, शेजाऱ्याने आपल्या घरात थांबावं, अग्निशमन दल येऊन ती पेटी विझवेल, हा सगळा हिशोब. क्लॅडिंग पेटलं की आग पेटीच्या भिंती फोडतच नाही, ती बाहेरून वळसा घालून प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीतून परत आत येते. आतल्या दरवाजांची, जिन्यांची सगळी तजवीज मागच्या दाराने हरते.

भिंत पास की नापास कसं ठरतं

परत त्या शेडमध्ये जाऊ. भगदाडाच्या वर अडीच मीटरवर तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची एक रांग असते आणि पाच मीटरवर दुसरी. काही थर्मोकपल पॅनलच्या पुढे पाच सेंटिमीटरवर, काही आत, प्रत्येक जाड थराच्या मधोमध आणि पोकळीत. पहिल्या रांगेवर तापमान सभोवतालच्या २०० अंश वर जाऊन ३० सेकंद टिकलं की घड्याळ सुरू. तिथून १५ मिनिटांच्या आत पाच मीटरवरच्या रांगेत, बाहेर किंवा आत कुठेही, वाढ ६०० अंशांहून जास्त झाली आणि ती ३० सेकंद टिकली, की भिंत नापास. ज्वाळा भिंतीच्या माथ्यावरून वर जाऊ लागल्या तर चाचणी तिथेच थांबवतात. सगळं सुरळीत असेल तर लाकूड ३० मिनिटं जळू देतात, मग विझवतात आणि क्लॅडिंग आपलंआपण जळत राहतं का ते उरलेला वेळ पाहतात. हे निकष बीआर १३५ या वेगळ्या दस्तऐवजात आहेत. बीएस ८४१४ फक्त चाचणी कशी घ्यायची ते सांगते, पास-नापास सांगत नाही. म्हणून 'आम्ही बीएस ८४१४ केलं आहे' या वाक्याचा अर्थ शब्दशः घ्यावा: केलं आहे. पास झालं का, ते वेगळं विचारावं लागतं.

पाच मीटरच का? भगदाड म्हणजे पेटलेल्या घराची खिडकी, आणि पाच मीटर म्हणजे साधारण दोन मजले वर. खिडकीतून आलेली ज्वाळा वरच्या मजल्याला चाटणारच, त्यात क्लॅडिंगचा दोष नाही. त्याच्याही वर आग पोचली तर ती क्लॅडिंगच्या खांद्यावर बसून गेली असं धरायचं.

ग्रेनफेलनंतर त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने अशा सात भिंती जाळून पाहिल्या. माझ्या मते या विषयावर याहून बोलका पुरावा दुसरा नाही. पॉलिथिलीनचा गाभा आणि मागे पीआयआर फोम: नापास, नऊ मिनिटांच्या आत ज्वाळा माथ्यावर. पॉलिथिलीनचा गाभा आणि मागे रॉकवूल, जे जळतच नाही: तरीही नापास, तेवढ्याच झटपट. म्हणजे मागे दगडी लोकर लावून पुढच्या प्लास्टिकचं पाप धुतलं जात नाही. ए२ गाभा असलेलं पॅनल मात्र फोमबरोबरही पास झालं आणि रॉकवूलबरोबरही. खरी मेख मधल्या एफआर पॅनलमध्ये. रॉकवूलबरोबर ते पास. तेच पॅनल पीआयआर फोमबरोबर नापास, आणि फेनॉलिक या दुसऱ्या जातीच्या फोमबरोबरही नापास.

आता सांगा, एफआर शीट सुरक्षित आहे का? या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण प्रश्न शीटबद्दल विचारला आहे आणि आग भिंतीला लागते. शीट, तिच्यामागची फट, फटीतले अडसर, इन्सुलेशन, शीट अडकवण्याची पद्धत, या सगळ्यांचा मिळून एकच निकाल असतो. यातलं एक बदललं की तो निकाल तुमचा उरत नाही.

अडकवण्याची पद्धत हे शब्द मी उगाच घातलेले नाहीत. ग्रेनफेलवरच्या पॅनलचा प्रकार दोन रूपांत विकला जाई. एकात सपाट शीट रिव्हेटने ठोकायचं. दुसऱ्यात शीटच्या कडा दुमडून उथळ खोक्यासारखी कॅसेट करायची आणि ती चौकटीवर टांगायची. कॅसेट देखणी दिसते, रिव्हेट दिसत नाहीत. उत्पादकाच्या स्वतःच्या चाचण्यांत रिव्हेटवालं रूप बी वर्गात बसलं. कॅसेटचं रूप इतकं वाईट जळलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. पदार्थ तोच, जाडी तीच, फरक फक्त कडा दुमडण्याचा. बाजारात मात्र बी वर्गच फिरत राहिला आणि ग्रेनफेलवर कॅसेट लागली.

पूर्ण आकाराच्या चाचणीतही लबाडी होऊ शकते, आणि झाली. सेलोटेक्स कंपनीच्या फोमची भिंत २०१४ मध्ये एकदा नापास झाली. पुढच्या खेपेला थर्मोकपलजवळ न जळणारे मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड बसवले गेले आणि भिंत पास झाली. अहवालात त्या बोर्डांचा उल्लेख नव्हता. किंगस्पॅन कंपनीने फेनॉलिक फोमची २००५ मधली चाचणी वर्षानुवर्षं दाखवली. फोमची घडण पुढच्याच वर्षी बदलली होती, तरी २०२० पर्यंत तोच अहवाल पुढे केला जात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौकशीच्या दुसऱ्या अहवालाने यासाठी 'पद्धतशीर अप्रामाणिकपणा' असे शब्द वापरले. हे वाचताना मला राग येतो तो एका बारीक गोष्टीचा: फसवणूक नेमकी तिथे झाली जिथे माप घेतलं जातं. म्हणजे फसवणाऱ्याला चाचणी नीट समजली होती.

प्रामाणिक चाचणीलाही मर्यादा आहेतच. त्या भिंतीत भगदाड सोडलं तर एकही खिडकी नसते, स्वयंपाकघराच्या पंख्याचं भोक नसतं, बाल्कनी नसते. ग्रेनफेलमध्ये आग आत-बाहेर झाली ती खिडक्यांच्या कडांवरून. शेडमध्ये वारा नसतो. भिंत बांधणारे कारागीर निवडक असतात, अडसर मिलिमीटरच्या हिशोबाने बसतात. बाविसाव्या मजल्यावर पाळण्यात लटकून संध्याकाळी काम उरकणाऱ्याची गोष्ट वेगळी. धूर किती विषारी हे तर ही चाचणी मोजतही नाही.

बाकी देशांनी आपापल्या भिंती उभ्या केल्या आहेत. अमेरिकेची एनएफपीए २८५ ही दोन मजली रचना असते, गॅसचे दोन बर्नर, एक खोलीत आणि एक खिडकीपाशी, ३० मिनिटं. ज्वाळा खिडकीच्या माथ्यावर दहा फुटांपलीकडे जाता कामा नये. स्वीडनमध्ये हेप्टेन हे इंधन जाळतात. जर्मनीची नेहमीची चाचणी बरीच सौम्य, २५ किलो लाकडाची किंवा तेवढ्याच गॅसची. फ्रान्समध्ये ६०० किलो लाकूड. म्हणून एका देशात पास झालेली भिंत दुसऱ्या देशात पास समजता येत नाही.

पदार्थच बंद करून टाका, असाही एक मार्ग आहे. इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत काही अपवाद सोडून ए१ किंवा 'ए२, एस१, डी०' याखालचं काहीही लावायला बंदी केली. मला हा मार्ग उंच घरांसाठी पटतो. त्यात हुशारीला वाव कमी, म्हणून पळवाटांनाही कमी. चाचणीच्या मार्गात आणखी एक पळवाट होती: प्रत्यक्ष न जाळता, जुन्या चाचण्यांचे अहवाल टेबलावर पसरून 'आमची भिंतही साधारण अशीच, म्हणजे पास होईल' असा निष्कर्ष काढायचा. 'साधारण अशीच' म्हणजे काय ते आपण एफआर पॅनलच्या निकालात पाहिलंच. आता अशा निष्कर्षांना तिकडे नियमांचा लगाम घातला आहे.

पण नवे नियम नव्या भिंतींसाठी. उभ्या इमारतींचं काय? मेलबर्नमध्ये २०१४ साली बाल्कनीत टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने लॅक्रोस या इमारतीचं क्लॅडिंग पेटलं, आठव्या मजल्यापासून माथ्यापर्यंत. २०२४ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात अशाच आगीत दहा जण गेले.

उभ्या इमारतीची भिंत जाळून बघता येत नाही, म्हणून ती उघडून बघतात. आधी कागद मागवायचे: चाचणीचा पूर्ण अहवाल, एक पानी प्रमाणपत्र नव्हे. अहवालात भिंतीचं उभं छेदचित्र असतं, प्रत्येक थराची जाडी, पोकळीची रुंदी, अडसर किती अंतरावर, पॅनल कसं अडकवलं, सगळं. निकाल फक्त त्या रचनेपुरता आहे हेही त्यात लिहिलेलं असतं. मग ते चित्र हातात घेऊन पॅनल काढायचं. गाभ्याचा तुकडा प्रयोगशाळेत त्या पोलादी भांड्यात जातो. ब्रिटनमध्ये ग्रेनफेलनंतरच्या तपासणीत किलोमागे ३ मेगाज्यूलपर्यंत एक गट, ३५ पर्यंत दुसरा, त्याहून वर तिसरा, अशी सरळ विभागणी केली होती. शुद्ध पॉलिथिलीन तिसऱ्यात जातं.

गाभा कळणं हा सोपा भाग. अवघड भाग अडसरांचा, कारण ते पोकळीत दडलेले असतात आणि एकदा पॅनल चढलं की कुणाला दिसत नाहीत. ग्रेनफेलच्या भिंतीत ते वेडेवाकडे कापलेले, फटी राहिलेले, काही ठिकाणी उलटे बसवलेले सापडले. ज्या कडेला फुगणारी पट्टी असते ती कड बाहेर हवी, ती आत भिंतीकडे केलेली. पॅनल काढलेल्या भोकातून वर आणि खाली टॉर्च मारून अडसर आहे का पाहायचं, असेल तर त्याची फुगणारी कड कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं, पुढची फट मोजायची आणि छेदचित्राशी ताडून बघायची. एका भोकात सापडलं ते दुसऱ्यात सापडेलच असं नाही, म्हणून भोकं अनेक पाडतात, वेगवेगळ्या मजल्यांवर, आणि सर्वात जास्त खिडक्यांच्या भोवती.